सिल्व्हानोचं मैदान

सिल्व्हानो इटलीत तेरा वर्षं दुसऱ्या दर्जाच्या क्लबांत डिफेंडर होता. गोल एकही केला नाही. विचारलं तर कॅम्पवर शिकलेल्या हिंदीत म्हणायचा, "गोल करना मेरा काम नहीं. रोकना मेरा काम." गुडघा गेला तेव्हा क्लबाने त्याला घड्याळ दिलं आणि दार दाखवलं. घड्याळही बंद निघालं. मग तो वेल्डिंग शिकला आणि त्रेसष्ट साली अबुधाबीला, पाइपलाइनच्या कॅम्पवर, आमचा फोरमन म्हणून आला.

वेल्डिंग बरं करायचा. उत्तम नव्हे. पण शुक्रवारी दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजानंतर, कॅम्पमागच्या वाळूवर आम्हा रत्नागिरीवाल्यांना फुटबॉल शिकवायचा, तेव्हा अंग चोरणाऱ्याची धडगत नसे.

त्याच जागेवर पाइप रचायचे, असं मॅनेजरसाहेबांनी ठरवलं; कॅम्पात दुसरी सपाट जागा म्हणजे साहेबांचं टेनिस कोर्ट. सिल्व्हानो जाऊन भांडला. साहेब स्वतः ऑफिसच्या टीमचे सेंटर फॉरवर्ड. म्हणाले, "आमच्याशी खेळा. हरला नाहीत तर जागा तुमची."

आमचा बॅक गनी, दाभोळचा. दांडगा गडी. पण कोणाला पाय लागला की थांबून त्याला हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा. घरची शिकवण. तोवर समोरचा बॉल घेऊन पसार.

"गनी, माफी मॅच के बाद," सिल्व्हानो ओरडायचा.

"पाय लागला ना, भाय. गुनाह होतो."

"गोल होता है, गधे."

मॅचच्या दिवशी सिल्व्हानो स्वतः सगळ्यांच्या मागे उभा राहिला, गुडघ्याला पट्टी बांधून. शेवटाला एक-एक अशी बरोबरी होती. साहेब बॉल घेऊन आले. गनीचा पाय त्यांच्या नडगीला लागला. गनी वाकला. साहेब सुटले.

सिल्व्हानो वाळूवरून घसरत आला. बॉल एकीकडे गेला, साहेब दुसरीकडे. तो गुडघा धरून तिथेच पडला.

फाउल द्यायचा की नाही? सगळ्यांच्या काँट्रॅक्टवर सही साहेबांची. रेफरी होता दवाखान्यातला कंपाउंडर कमरुद्दीन. साहेब त्याच्याकडे बघत राहिले.

"बॉल को लगा, साहब," कमरुद्दीन म्हणाला. "खेलो."

बरोबरी टिकली. सिल्व्हानो त्यानंतर कधी खेळला नाही.

शनिवारी पाइपांची लॉरी आली. माल कुठे उतरवायचा, ड्रायव्हरने विचारलं. सिल्व्हानोने कुबडी उचलून साहेबांचं टेनिस कोर्ट दाखवलं.

"यल्ला, चलो," तो आम्हाला म्हणाला, "सीधा रखना."

आम्ही अगदी ओळंबा धरून रचले.