गावातला दुसरा पिंपवाला

माइन नदीकाठच्या त्या गावात वाइनची लाकडी पिंपं कॉनराड ब्यूटनरच बांधायचा. त्याचा बाप, आजा तेच करत आले होते. आडनावही त्यावरूनच पडलेलं. ब्यूटनर म्हणजे पिंपवाला. मग उत्तरेकडून हेनिंग ब्योटशर येऊन राहिला, गिऱ्हाइकं तिकडे वळली आणि कॉनराडचा नुसता जळफळाट झाला.

"कालचा आलेला उपरा! माझ्या नावातच हा धंदा आहे," तो बायकोला म्हणाला.

"अहो, त्याच्याही नावात आहे," वाल्बुर्गा म्हणाली. "त्यांच्याकडे पिंपवाल्याला ब्योटशर म्हणतात. ऱ्हाइनकडे क्यूफर, म्युनिककडे शेफलर. जिकडे तिकडे तुमचेच भाऊबंद!"

"तुला कुणी सांगितलं हे?"

"त्यानंच. कोबी आंबवायचं पिंप आणायला गेले होते ना."

"पिंपवाल्याची बायको पिंप विकत आणते?"

"तुम्हाला घरचं करायला कधी सवड होती?"

कॉनराड तळघरात गेला. हेनिंगच्या पिंपाच्या प्रत्येक सांध्यावरून त्यानं बोट फिरवलं, पण कुठे थेंबभरही ओल नव्हती. त्याच आठवड्यात त्यानं लग्नानंतर पहिल्यांदा घरासाठी पिंप बांधलं, तेही जुन्या ओकचं. वाल्बुर्गानं हौसेनं त्यात कोबी भरला. हेनिंगचं पिंप मात्र तिनं जागचं हलवलं नाही.