तात्यांनी उपटलेलं लॉन

तळमजल्यावरच्या हौसाकाकूंचा फोन आला तेव्हा मी शाळेत जायला निघाले होते, पर्स खांद्याला लावलेली होती. "मॅडम, जरा खाली या. हे उठंनात," एवढंच त्या म्हणाल्या. आवाजात रडू नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरून मी कशी उतरले ते आठवत नाही. तात्या पलंगावर उजव्या कुशीवर झोपलेले होते, उशीजवळ चष्मा घडी करून ठेवलेला. डॉक्टर आले, त्यांनी मनगट धरलं आणि सोडून दिलं. दहा वाजेपर्यंत कळंबोलीच्या लोखंड बाजारातली माणसं यायला लागली. ट्रान्सपोर्टवाले, हमाल, दोन-तीन म्हातारे ड्रायव्हर. आमच्या बिल्डिंगच्या आवारात एवढी माणसं मावेनात. ती गाड्यांच्या मधल्या फटींतून, गेटबाहेर, रस्त्यापर्यंत उभी राहिली. तेव्हा आमचे चेअरमन साहेब माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, "लॉन असतं तर माणसांना उभं राहायला तरी जागा झाली असती." मी म्हणाले, "साहेब, लॉनवर उभं राहायला परवानगी नव्हती." त्या दिवशी मी एवढं एकच वाक्य धड बोलले. तात्यांना ते आवडलं असतं, असं मला अजून वाटतं.

विष्णू तात्या मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी कळंबोलीत आले आणि आयुष्यभर एका वजनकाट्यावर बसले. लोखंडाने भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, तात्या वजन वाचायचे, पावतीवर लिहायचे. आकडा थोडा इकडेतिकडे कर म्हणून सांगणारे रोज भेटत. एकदा एका व्यापाऱ्याच्या माणसाने त्यांची कॉलर धरली होती म्हणे. तात्यांनी त्याला तसंच काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "तुजं वजन सांगू का? ते बी खरंच सांगीन." ही गोष्ट मला त्यांच्या एका जुन्या ड्रायव्हर मित्राने मयतीच्या दिवशीच सांगितली. माझी त्यांच्याशी ओळख त्यानंतरच्या काळातली. ते निवृत्त होऊन खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायला आले तेव्हाची. मी तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी होते. आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी त्यांची, साध्या शब्दांत सांगायचं तर, विरोधक होते.

गेटमधून आत आलं की डाव्या हाताला, तात्यांच्या खिडकीसमोरच, आमचं लॉन होतं. कार्पेटसारखं, कडेने विटांची नक्षी, मध्ये 'लॉनवर चालू नये' अशी पाटी. चेअरमन साहेबांचा त्यावर फार जीव. त्या वर्षी उन्हाळ्यात पाण्याची बोंब झाली. वरच्या मजल्यावर दिवसातून जेमतेम अर्धा तास पाणी चढायचं. मी शाळेतून आल्यावर खालच्या नळावरून दोन-दोन बादल्या वर नेत असे. आणि मी बादली घेऊन जिना चढत असताना खाली लॉनवर पाइप सोडलेला असायचा. तात्या हे खिडकीतून बघायचे. मीटिंगमध्ये त्यांनी हात वर केला आणि लॉनचं पाणी बंद करायचा ठराव मांडला. चेअरमन म्हणाले, "एंट्रन्सची शोभा आहे ती, तात्या. गेस्ट आले की पहिलं तेच दिसतं."

"शोभा कुनाची?" तात्या म्हणाले. "बसायचं न्हाई, चालायचं न्हाई, गाईला घालायचं न्हाई. आन् ह्या मॅडम तिसऱ्या मजल्यावर बादल्या वडत्यात."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला लाज वाटली ती बादल्यांची, पाइपाची नाही. मी म्हणाले, "माझी काही तक्रार नाही." ठराव बारगळला. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या फावडं घेऊन बाहेर आले आणि त्यांनी कोपऱ्यातून लॉन उपटायला सुरुवात केली.

पहिली नोटीस मी त्याच संध्याकाळी लिहिली. 'सामाईक जागेत विनापरवाना खोदकाम' वगैरे. शिपायाकडून पोचवली. अर्ध्या तासात तोच कागद परत आला. मागच्या बाजूला तात्यांनी लिहिलं होतं : काम चालू आहे. खाली सही, तारीख, वेळ. काट्याच्या पावतीसारखं. दुसऱ्या नोटिशीवरही तेच, तिसरीवरही. मला राग यायचा आणि... आता कबूल करते, हसूही यायचं. पाऊस सुरू होईपर्यंत लॉन पुरतं उघडं पडलं. मातीत तात्यांनी गावाहून आणलेली रोपं लावली. बोर, तरवड, हिवर, माळरानावरची झाडं. आपल्या लहानपणी जे बघितलं तेच खरं झाड, असा त्यांचा समज होता. आमच्या पावसात ती सगळी महिन्याभरात कुजली. गेटजवळ नुसता चिखल झाला. येणाजाणाऱ्यांच्या चपला त्यात रुतायच्या आणि लोक तात्यांना ऐकू जाईल असं बोलायचे. हौसाकाकू पायरी धुता धुता म्हणायच्या, "मी ह्यांना सांगून दमले. आपलं रान सोडून आलो, तर इथं कशाला रान करायचं?"

तात्या खचतील असं मला वाटलं होतं. ते पनवेलच्या बाजारात गेले. तिथे फुटपाथवर रानभाज्या विकणारी बारकीबाई नावाची एक म्हातारी बसते, इथल्याच खाडीकाठच्या गावची. तात्यांनी तिला आपली मेलेली रोपं दाखवली. ती हसली म्हणे. "तुजी देशावरची झारं हितं जगाची नाय रं. हितं काय हाय त्या इचारलास काय कोनाला?" तात्यांनी तिला रिक्षात घालून आमच्या सोसायटीत आणलं. मी त्या दिवशी गेटवरच होते. नऊवारी, डोक्यावर रिकामी पाटी. तिने चिखलात हात घातला, मूठभर माती हुंगली आणि म्हणाली, "चांगली हाय. हितं आमची भातं व्हती, त्या तिकरच्या टावरापरत." मी वर्गात मुलांना जिल्ह्याची मृदा शिकवते. ज्या मातीवर माझं घर उभं आहे ती मी कधी हातात घेतली नव्हती.

पुढचं वर्षभर बारकीबाई सांगेल तसं तात्या लावत गेले. कुडा, भारंगी, निर्गुंडी, करवंद, कळलावी, रानहळद. एका कोपऱ्यात शेवळं या पावसाळी रानभाजीचे कांदे. कुर्डू आणि टाकळा या रानातल्या पालेभाज्या आपोआपच आल्या. तात्यांनी मध्ये एक वाकडी पायवाट ठेवली आणि पाटी काढून टाकली. पाइप कायमचा गुंडाळला गेला, कारण उन्हाळ्यात त्या झाडांना पाणी लागतच नव्हतं. ती निमूट वाळून बसायची. हे साहेबांना फार खटकायचं. "चार महिने हिरवं आणि आठ महिने कचरा," ते म्हणायचे. मीही मान डोलवायचे. पण त्या वर्षी माझ्या नळाला पाणी थोडं जास्त वेळ यायला लागलं, हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

दिवाळीनंतर तात्यांना छातीत दुखायला लागलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. त्याच आठवड्यात कुणाला तरी पायवाटेवर साप दिसला. नानेटी होती, बेडूक खाणारी, बिनविषारी. पण 'गेटजवळ साप' एवढं पुरलं. सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर गदारोळ. साहेब माझ्याकडे कागद घेऊन आले : सर्व झाडोरा तातडीने काढून टाकण्यात यावा. मी थांबू शकले असते. तात्या परत येऊ देत, असं म्हणू शकले असते. मी सही केली. दोन माणसं आणि एक कापायचं मशीन, दोन तासांत सगळं जमिनीसपाट झालं. खिडकीतून मी पाहत होते. कुड्याच्या खोडातून पांढरा चीक गळत होता.

तात्या घरी आले त्या दिवशी मी मुद्दाम खाली गेले. रिक्षातून उतरून ते गेटमध्येच उभे राहिले. कापलेली जागा बघत होते. काकूंनी त्यांचा दंड धरला होता. मी म्हणाले, "तात्या, सही माझी होती."

"ठावं हाय. शिपायानं दवाखान्यात कागद दावला. अक्षर वळखतो की तुमचं." मग ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि माफीही नव्हती. "मॅडम, वरचं कापलं तुमी. खालचं कापायला मशीन मिळतंय का बघा."

ते आत गेले. पुढचे सहा महिने त्यांनी त्या जागेला हात लावला नाही. डॉक्टरांनी फावडं बंद केलं होतं. साहेबांनी पावसाळ्यात नवीन लॉन टाकायचं ठरवलं, सगळ्यांना वाटलं तात्या हरले. मलाही तसंच वाटलं आणि मला त्याचं बरं वाटलं नाही, हेही खरं. मग जूनच्या सुरुवातीला, एका सकाळी, माझ्या दाराची बेल वाजली. तात्या दारात उभे होते, कठडा धरून धापा टाकत. त्यांना जिना चढायची मनाई होती.

"तात्या, अहो फोन करायचा ना..."

"फोनवर दिसत न्हाई ते. खाली चला."

त्यांच्या चालीने, मजल्यामजल्यावर थांबत आम्ही उतरलो. कापलेल्या जागेत, कोपऱ्यात, मातीतून जांभळट-तांबूस कोंब वर आले होते. बोटभर उंचीचे, टोकदार, ओल्या मातीला भेगा पाडून आलेले. शेवळं. पलीकडे रानहळदीच्या पानांच्या गुंडाळ्या, आणि कुड्याच्या खुंटांतून एकेका जागी पाच-पाच फुटवे. मी वाकून बघत राहिले. तात्या माझ्यामागे उभे होते, अजून श्वास लागलेला. ते काही शिकवणारं बोलतील असं मला वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आता नोटीस कुनाला देताय?"

मी त्या महिन्यात सेक्रेटरीपद सोडलं. लॉनचा विषय त्या वर्षी निघाला नाही. एवढा हिरवा झाडोरा पुन्हा कापायला सांगायचं कुणाला सुचलं नाही, आणि तात्या रोज सकाळी पायवाटेवर उभे असायचे, ही दोन्ही कारणं. रविवारी मी त्यांच्याबरोबर तण काढायला बसायचे. गंमत म्हणजे सगळ्यात चिवट तण त्या जुन्या लॉनचंच होतं. तात्या त्याची मुळी ओढत म्हणायचे, "ह्याचं बी चुकत न्हाई. त्याला बी जगायचं हाय. पर ह्याला कामाला मानूस लागतो, आन् पानी लागतं दुसऱ्याचं."

या श्रावणात तात्या गेले. महिना झाला आणि सोसायटीची मीटिंग लागली. विषय एकच. साहेबांनी मोठ्या मनाने दोन मिनिटं शांतता पाळायला लावली आणि मग नवीन लॉनचा ठराव मांडला. मी विरोधात बोलले. पाण्याचं बोलले, मातीचं बोलले, माझ्या सहीचंही बोलले. ठराव मंजूर झाला. माझ्या बाजूने तीनच हात होते. हौसाकाकू मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला नाही. शेवटी साहेबांनीच त्यांना विचारलं, "काकू, तुमचं काही म्हणणं?"

"माजं काय," काकू म्हणाल्या. "लावा की."

मला वाईट वाटलं. पण चाळीस वर्षं त्या कुरकुरतच आल्या होत्या, आता त्यांना मोकळं अंगण हवं असेल, असं मी समजून घेतलं.

गेल्या रविवारी सकाळी गेटवर टेम्पो आला. आत लॉनच्या गुंडाळ्या रचलेल्या, सतरंज्यांसारख्या. हॉर्न ऐकून मी गॅलरीत आले. खाली गेटच्या बरोबर मध्ये काकू बसल्या होत्या, तात्यांच्या लोखंडी खुर्चीत. वजनकाट्याच्या केबिनमधली खुर्ची ती. निवृत्त होताना तात्यांनी दुसरं काही न घेता तेवढी मागून आणली होती. काकूंच्या मांडीवर सूप होतं आणि त्या बागेतलं कुर्डू निवडत होत्या. तेच कुर्डू, जे 'असलं गवत मी शिजवनार न्हाई' म्हणून त्यांनी तात्यांना दोनदा परत दिलं होतं.

मी धावत खाली आले. ड्रायव्हर विनवत होता, "आजी, गाडी आत घ्यायची आहे."

"घे की. मी कुटं अडवलंय? मी बसलेय."

साहेब आले, काकूंना ठरावाची आठवण करून दिली. काकू म्हणाल्या, "मी लावा म्हनले, आत येऊ देते म्हनले न्हाई." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी समजवावं म्हणून. मी वॉचमनच्या केबिनमधली प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि काकूंच्या शेजारी लावून बसले. काकूंनी न बघता सूप अर्धं माझ्या मांडीवर सरकवलं. "देठं जून असतील ती टाका," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हरने अर्धा तास वाट पाहिली, दोन फोन केले, मग टेम्पो मागे घेतला. पुढच्या रविवारी पुन्हा गाडी येणार, असं साहेबांनी ग्रुपवर टाकलं आहे. दोन्ही खुर्च्या गेटवरच आहेत. आम्ही त्या आत घेतलेल्या नाहीत.