कत्तानांच्या दुकानातली भवानी

अम्मानच्या खालच्या बाजारात कत्तानांचं चार मजली दुकान. सुईदोऱ्यापासून लग्नाच्या झग्यापर्यंत सगळं एका छपराखाली. एकतीस वर्षं ते चालवलं रिहाबनं, आणि ओळख कुणाची? अबू मुन्झिरची, म्हणजे मुन्झिरच्या बापाची. मुन्झिर तिचा धाकटा भाऊ, तिकडे टोरांटोत लोकांच्या दाढा उपटत होता. पोरगी थोरली असली तरी बापाला हाक मुलाच्याच नावानं. असला हा रिवाज, काय बोलायचं!

शेवटच्या आजारपणात म्हातारा तिला म्हणाला होता, "दुकान तूच बघायचंस." पण खोलीत दोघंच. 'बाबा, हेच बाजारातल्या चार जाणत्यांसमोर बोला,' एवढं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण जित्या बापाला तसं सांगायचं म्हणजे त्याच्या मरणाची घाई केल्यासारखंच की. गप्प बसली बिचारी. तिथंच चुकली.

म्हातारा गेला. मुन्झिर टोरांटोहून आला. तीन दिवस पुरुषांच्या दिवाणखान्यात व्यापारी येत होते, कडू कॉफी पीत होते आणि मुन्झिरचा हात हातात घेऊन म्हणत होते, "आता तूच रे बाबा!" बायकांच्या खोलीत बसलेल्या रिहाबला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

चौथ्या दिवशी दुकान उघडलं. बाजाराची रीत अशी, की नव्या मालकानं जाणत्यांसमोर पहिली भवानी करायची, आणि ते गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही. शेजारचा म्हातारा व्यापारी अबू शाकिर खुर्ची टाकून बसला, बाकीचे जाणते व्यापारी भोवती उभे. मुन्झिर गल्ल्यामागे. रिहाब काळ्या कपड्यांत जिन्यापाशी.

एक बाई आली, टॉवेल उचलला. "केवढ्याला हा?"

"लिहिलंय की त्यावर. आठ दिनार."

"जरा कमी करा ना, सकाळची वेळ आहे."

"भाव एकच, बाई," मुन्झिर म्हणाला. टोरांटोची सवय, दुसरं काय!

बाई चालू पडली. अबू शाकिरनं कपाळाला हात लावला आणि चार दिवसांत पहिल्यांदा रिहाबकडे पाहिलं. मग सगळेच पाहायला लागले. तिनं आता नुसतं गल्ल्यामागे जाऊन उभं राहायचं होतं, बस्स. दुकान तिचंच होतं.

पण मुन्झिरचा चेहरा लहानपणी काच फोडल्यावर व्हायचा तसा झाला होता. बापाला जाऊन चार दिवस होत नाहीत, आणि भर बाजारात भावाची अब्रू घालवायची?

तिनं बाईला दारात गाठलं. "अहो, भाऊ थट्टा करत होता. सात द्या, आणि हा हातरुमाल त्याच्याकडून." पैसे आणून तिनं मुन्झिरच्या हातावर ठेवले.

"झाली भवानी!" अबू शाकिर उठलाच. "मुन्झिर, बापावर गेलास हो! पोरी, तूही फार राबलीस. आता घरी आराम कर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गर्दी पांगल्यावर मुन्झिर हळूच म्हणाला, "ताई, टॉवेल खरा केवढ्याला द्यायचा गं?"

तिनं सांगितलं. मग पर्समधून किल्ल्या काढून त्याच्यासमोर ठेवल्या.