परिचय

आमचे सर स्वतःच्याच सत्काराला टाळ्या वाजवत होते, आणि त्याही अगदी मनापासून.

मोठा पुरस्कार मिळाला म्हणून कॉलेजनं अर्थशास्त्राच्या या जुन्या प्राध्यापकाला बोलावलं होतं. सरांना आता फारसं काही आठवत नाही. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, एका बाजूला त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, आणि दुसऱ्या बाजूला जुना विद्यार्थी म्हणून मी. शाल-श्रीफळाचं तबक तयार होतं. निवेदिका परिचय वाचत होती. दुष्काळी भागातल्या आठवडी बाजारांवरचा प्रबंध, परदेशातली व्याख्यानं, पुस्तकं, समित्या. तिची पानं काही संपेनात.

मला त्या यादीचा रागच येऊ लागला. तिच्या एकेका ओळीखाली किती दिवाळ्या, किती आजारपणं, दाराशी किती वाट पाहणं गाडलेलं असतं, ते कुणीच वाचून दाखवत नाही. कुठल्याही गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी सोडून दिलेली दुसरी गोष्ट, हे सरांनीच आम्हाला पहिल्या तासाला शिकवलं होतं. आम्ही ते घोकलं, पेपरात लिहिलं आणि पैकीच्या पैकी मार्क घेऊन मोकळे झालो.

परिचय एकदाचा संपला. सर काकूंकडे झुकले आणि परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "केवढं काम केलंय हो या माणसानं! घरी कधी असायचा हा?"

काकूंनी त्यांच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं.

"आता असतो," त्या म्हणाल्या.