पिकअप उंच केली ती सकाळ

आमची पिकअप उंच करून घेतली त्याला बरीच वर्षं झाली. अजूनही ती दारात उभी राहिली की माझी नजर आधी तिच्या डाव्या दाराखालच्या जमिनीकडे जाते. तिथे मी पाट ठेवायचे.

वाघोलीची जमीन गेली, तिच्यावर इमारती उठल्या, तेव्हा यांनी ही गाडी घेतली. पहाटे मंडईत भाजी पोचवायची आणि दिवसा मिळेल ते भाडं. मग यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली आणि गाडी मुलाच्या हातात गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर यांनी एकच गोष्ट मागितली. गाडीत बसायचं. चालवायची नाही, नुसतं मुलाच्या शेजारी बसायचं.

पण गाडीची पायरी यांच्या पायाला उंच पडायची. मी घरातला जेवायला बसायचा पाट आणून खाली ठेवला, तर हे थांबूनच राहिले. पाटाला पाय लावायचा, तोही चपलेसकट?

"राहू द्या हो, लाकूडच आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. चपला काढल्या, उजवा हात पाटाच्या दिशेने नेऊन छातीला लावला आणि मगच पाय ठेवला. पुढे रोज तसंच. हे वर बसले की मी चपला आत द्यायचे आणि पाट पुसून घरात न्यायचे. मुलगा स्टिअरिंगवर हात ठेवून हसायचा.

"आबा, गाडीत बसताय का देवळात चाललाय?"

हेही हसायचे. तोंडाची एकच बाजू हसायची, पण हसायचे.

नंतर भाजीचं काम कमी झालं आणि मुलगा बांधकामांवर फरश्या, सिमेंट पोचवू लागला. तिथला रस्ता म्हणजे दगड आणि चिखल. माल भरला की गाडी दबायची आणि तिचं पोट खाली घासायचं. एकदा दगडावर आपटून खालून सगळं ऑइल गळालं, गाडी भरल्या मालासकट दिवसभर तिथेच अडकली. ठेकेदार म्हणाला, "उंच गाडी असंल तर उद्यापासून ये. ही रांगती गाडी आपल्याला नको." मुलाने हे जेवताना सांगितलं आणि ताटावरून उठला. हे कितीतरी वेळ त्याच्या ताटाकडे बघत होते.

येरवड्याला कमानपाट्यांचं एक जुनं दुकान आहे. चाकाच्या वर लोखंडी पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात, गाडीचं सगळं ओझं त्या पेलतात, ती कमान. दुकानाचे चाचा यांच्या जुन्या ओळखीचे. एका सकाळी आम्ही तिघं गेलो. पाट मी पिशवीत घालून बरोबर नेला होता.

मुलाला रुंद टायर हवे होते. "दिसायला भारी वाटतात, चाचा."

"दिसायलाच हवे असतील तर फोटो काढ आणि भिंतीला लाव," चाचा म्हणाले. "चाकाला लावलेस तर प्रत्येक वळणावर पत्र्याला घासतील. रुंद नको, उंच घे. खोल खाचांचे."

मग त्यांनी यांच्याकडे तोंड केलं. "मालक, दोन मार्ग आहेत. कमानीत एकेक पट्टी वाढवतो आणि टायर जरासे मोठे घालतो. गाडी चार बोटं उठेल. पोट कधी घासेल, कधी नाही. नाहीतर कमानीखाली लोखंडी ठोकळे टाकतो, कमान नवी आणि टायर हे मोठे. मग गाडी वीतभर उठेल आणि दगड खालून निघून जाईल. वळणावर मात्र जपून."

त्यांनी जॅक लावून गाडी तेवढी उचलून दाखवली. दाराखालची पायरी वर वर गेली. माझी नजर तिच्यावर होती. एका पाटाचं ते काम राहिलं नव्हतं.

चाचांच्याही ध्यानात आलं. "तुम्हाला रोज बसायचं असतं ना यात? मग चार बोटंच बरी."

"हो, चार बोटंच करू," मुलगा लगेच म्हणाला. "साइटीचं बघू पुढं." बोलत होता आमच्याशी, पण हात त्या मोठ्या टायरवर होता.

तेवढ्यात हे काहीतरी बोलले. झटक्यानंतर यांचं बोलणं मला एकटीलाच नीट कळायचं, मुलालाही अर्धंच. चारचौघांत मला बोलता येत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही. पण यांचं बोलणं पोचवताना ते माझं नसायचं, म्हणून जमायचं. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

मला सगळं कळलं होतं. तरी मी विचारलं, "काय म्हणालात?"

ते पुन्हा तेच बोलले, सावकाश.

"ठोकळे टाका म्हणतात," मी सांगितलं. "उंच करा."

"आणि बसायचं कसं?" चाचांनी विचारलं.

या वेळी हे चाचांकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले. मी पदर सारखा केला.

"माझं बसून झालं, म्हणतात."

चाचा आत जाऊन ठोकळे घेऊन आले. मुलगा तोंड फिरवून उभा होता.

गाडी तिथेच ठेवून आम्ही दोघं रिक्षाने परतलो. पाट माझ्या मांडीवर होता. सगळ्या रस्त्यात यांचा चांगला हात त्याच्यावर होता.

गाडी घरी आली तेव्हा मी दोन पाट एकावर एक रचून पाहिले. त्यांनी नको म्हणून हात हलवला. मग सकाळी गाडी निघाली की हे दारातल्या खुर्चीवर बसून राहायचे. संध्याकाळी ती परत आली की खुर्चीतून थोडे वाकून गाडीच्या खाली बघायचे, कुठे घासलंय का. घासलेलं नसलं की उजवा हात वर करायचे. तो हात वर झाल्याशिवाय मुलगा इंजिन बंद करायचा नाही.

त्याच वर्षी थंडीत हे गेले.

दिवसकार्य झाल्यावर मुलगा पुन्हा कामाला जाऊ लागला. संध्याकाळी गाडी दारात येऊन उभी राहिली, पण इंजिन चालूच. मी आत भाकरी थापत होते. वाटलं, आता बंद करील, मग करील. शेवटी पिठाच्या हातांनी बाहेर आले. तो वर बसून समोर बघत होता. खुर्ची रिकामी होती.

मी गुडघ्यावर हात ठेवून वाकले. गाडीच्या खाली बघितलं. चिखल होता, घासलेलं काही नव्हतं.

मग मी हात वर केला.