कॉम्प्युटरचं झबलं

आमच्या आत्याला उघडी वस्तू बघवत नाही. फ्रिजला झालर, मिक्सरला टोपी, रिमोटला पिशवी. त्यामुळे एका प्रकाशकाची पुस्तकं टाइप करून द्यायचं काम तिने घेतलं आणि घरी कॉम्प्युटर आला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याच्या डब्याला झबलं शिवलं गेलं यात नवल नाही. जाड अस्तराचं, पाठीमागे बटणांचं. काम चालू असतानाही ते अंगावरच, कारण धूळ काय वेळ बघून येते?

काही दिवसांनी कॉम्प्युटर मध्येच मान टाकू लागला. आत्याने दोष आधी विजेला दिला, मग काकांना, म्हणजे आपल्या नवऱ्याला, मग माझ्या पायगुणाला. उपाय म्हणून अस्तराचा आणखी एक थर लावला. आत्याच्या शिवणकामाला नावं ठेवून कुणी धड परत गेलेलं नाही.

परवा मात्र प्रकरण गळ्याशी आलं. प्रकाशकाला संध्याकाळपर्यंत अख्खं पुस्तक हवं होतं, नाहीतर पुढची सगळी कामं कोपऱ्यावरच्या टायपिंगच्या दुकानात जाणार होती. इकडे यंत्र दर दोन-चार पानांनी डोळे मिटायचं. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने झबल्यात हात घातला आणि चटकन मागे घेतला. पंखा गरम हवा बाहेर फेकतो, तिला जायला वाटच नाही, म्हणून कॉम्प्युटर जीव वाचवायला बंद पडतो, असं त्याने सांगितलं. झबलं काढा, आतली धूळ मी झटकतो आणि हा भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, एवढंच.

आत्या बटणांवर हात ठेवून उभी राहिली.

"या घरात फक्त माझ्यासाठी म्हणून आलेली ही पहिली वस्तू आहे," ती म्हणाली. "उघडी कशी ठेवू?"

मघापासून दाबलेलं माझं हसू कुठल्या कुठे गेलं. दुरुस्तीवाल्याला माणसंही कळत असावीत. तो म्हणाला, बंद करून गार झाला की खुशाल घाला.

आता उरली वीतभर जागा. ती अडवून होती काकांची आरामखुर्ची, आणि ती हलवायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. काका उठले, पेपर काखेत मारला आणि खुर्ची स्वतःच ओढत व्हरांड्यात घेऊन गेले.

पुस्तक वेळेत पोचलं, पुढची कामंही आली. काका अजून व्हरांड्यातच पेपर वाचतात. बाहेर का बसलात, असं कुणी विचारलं तर मान वर न करता सांगतात, "आत कमावतं माणूस बसलंय."