सातवी फेल, गार्चिंगला फेलबेलेगर

सांगायचं नाही म्हटलं की या पोरांना चेव येतो. दर दिवाळीला चकली मोडता मोडता कोणीतरी म्हणणारच, "काका, ते घराचं सांगा ना!" आता तर म्हणे लिहूनच द्या. युनिव्हर्सिटीच्या मेन्सात, म्हणजे कॅन्टीनात, उभा जन्म बटाटे सोलण्यात गेला माझा, मला लिहायला लावता? वर शहाणपण, "बोलता तसंच लिहा." लिहितो. मग वाचताना नाकं मुरडू नका.

आमच्या बिल्डिंगच्या तळघरात बेवारस सायकली साचतात. बिल्डिंगची देखभाल करणारा हाउसमाइस्टर चिठ्ठ्या लावून लावून दमतो, न्यायला कुणी येत नाही. किस्से तसेच साचतात. घ्या, एकेक बाहेर काढतो. हवा तुमची तुम्ही भरा.

* * *

मार्क जाऊन युरो नुकता आला होता. उ-बान, म्हणजे भुयारी रेल्वे, गार्चिंग गावात अजून यायची होती. आमचं घर म्हणजे सोत्सियालवोनुंग, कमी कमाईवाल्यांसाठी सरकारी मदतीनं बांधलेलं, स्वस्त भाड्याचं. राहणारे तिघं: मी, मालन आणि आमचा गिरीश. गिरीश इथंच जन्मला. त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर द्यायचं जर्मनमध्ये! शिकला, सॉफ्टवेअरमध्ये लागला. मालननं दूध पावडरचे पेढे करून अख्ख्या जिन्यात वाटले.

पेढ्याची चव जिभेवर होती तोच घरांच्या ऑफिसचं पत्र आलं. गिरीशनं वाचलं आणि म्हणाला, "पापा, येट्स्ट बिस्ट डू फेलबेलेगर."

मी ताडकन उठलो. "सातवीत फेल झालो, ते या लोकांना कुणी सांगितलं?"

मालन आतून ओरडली, "अहो, हळू बोला! तिसरीचं अजून कळलेलं नाही त्यांना!"

* * *

फेलबेलेगर म्हणजे चुकीच्या घरात बसलेला माणूस. तुमच्या घरातली कमाई वाढली, आता हे घर तुमच्यासारख्यांसाठी नाही. राहायचं तर राहा, पण वरचे पैसे भरा, बाजारभावाच्या जवळपास. कमाई पोराची, आणि चुकीचा मी!

मालन मला ओढत ऑफिसात घेऊन गेली. तिथल्या बाईनं शांतपणे समजावलं, घरात राहतात त्या सगळ्यांची कमाई धरतात. मुलगा बाहेर पडला तर वरचे पैसे बंद.

"म्हणजे पोरगा घरात ठेवला म्हणून दंड?" मालन मला म्हणाली. मी ते जर्मनमध्ये सांगायच्या आत तिनं स्वतःच सुरू केलं, "माइन झोन नोख निष्ट फेर्टिश!" माझा मुलगा अजून पुरा झालेला नाही!

बाईचा चेहरा मऊ झाला. "शिक्षण राहिलंय का?"

"नाइन!" मालन म्हणाली. "लग्न!"

* * *

खालच्या मजल्यावर फ्राऊ आइग्नर राहायची. नवरा गेलेला, त्याची पेन्शन यायची आणि ही बेकरीत नोकरी करायची. दोन्ही मिळून तीसुद्धा फेलबेलेगर! त्या दिवसापासून जिन्यात भेटली की ओरडायची, "ग्र्युस गॉट, हेर फेलबेलेगर!" माझं आडनाव जगदाळे. तिच्या तोंडी त्याचं 'याग्डाल' व्हायचं, त्यापेक्षा हेच बरं.

शनिवारी तिची नात काटी यायची. आमचा गिरीश तळघरात जाऊन तिच्या सायकलीत हवा भरून द्यायचा. गुणी पोरगा.

एकदा फ्राऊ आइग्नरनं मालनला समजावलं, बेलेग्ट म्हणजे ब्रेडवर चीज, सॉसेज असं काहीबाही रचलेलं. बेकरीत तिचं तेच काम. मालननं लगेच ब्रेडला लोणी फासलं, वर लिंबाचं लोणचं रचलं आणि पुढं केलं. फ्राऊ आइग्नरनं घास घेतला. डोळ्यांतून पाणी, नाक लाल.

"हे... हे फेल-बेलेग्ट आहे!" ती कशीबशी म्हणाली.

आणि ताटली पुढं केली. "नोख आइन्स!" अजून एक!

* * *

दर रविवारी आमच्याकडे जेवायला जोगळेकर यायचा. पीएचडी करत होता, काय विषयावर ते त्यालाही धड सांगता यायचं नाही. मटणाचा रस्सा तिसऱ्यांदा वाढून घेत म्हणाला, "काका, तत्त्वतः हे न्याय्य आहे हं. ज्याला परवडतं त्यानं बाजारभावानं द्यावं. तुमच्यामुळे एखाद्या गरिबाचं घर अडतंय."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" मी म्हटलं. "तुला परवा स्कॉलरशिप लागली ना? मग पुढच्या रविवारपासून मटण बाजारभावानं."

पोरानं हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाला, "काका, मी तत्त्वतः म्हणालो. व्यवहारतः नाही!"

त्याच जेवणात मी गमतीनं गिरीशला म्हटलं, "तू नसतास तर हे फेल लागलंच नसतं बघ." गमतीनं! जोगळेकर साक्षीला होता. पण त्याला विचारलं तर तो तत्त्वतः आठवत नाही म्हणतो.

* * *

थंडी सुरू होताना गिरीशनं सांगून टाकलं, "इख त्सी आउस." बाहेर पडतोय. रस्त्याच्या पलीकडे घर घेतलं, पुऱ्या बाजारभावाचं. मालनचं लाटणं पोळीवर थांबलं ते थांबलंच.

जेवायला मात्र रोज आमच्याकडे. एकदा ऑफिसचा माणूस खरं-खोटं बघायला आला. गिरीश बनियनवर पाटाएवढं ताट घेऊन बसलेला.

"हा इथं राहत नाही म्हणता?"

"नाही. जेवतो."

"आणि राहतो कुठे?"

"समोर. बाजारभावानं!" मी म्हटलं. "एवढं भाडं भरल्यावर जेवायला काय उरणार त्याच्याकडे?"

त्या माणसानं काहीतरी लिहून घेतलं. पटलं असावं.

* * *

मालनला मात्र काहीच पटलं नव्हतं. पोराची खाट रिकामी दिसली की तिचे डोळे भरायचे. "भाड्यापायी पोराला हाकललंत!" एवढं म्हणाली आणि माझ्याशी बोलणं बंद. अख्खा हिवाळा! मला काही सांगायचं तर निरोप फ्राऊ आइग्नरकडे. म्हातारी एकदा धापा टाकत वर आली. "हेर याग्डाल, तुमची बायको म्हणते आम्टी..." आणि पांढरी पडली. "आम्ट? पुन्हा ऑफिसचं पत्र आलं?"

"नाही हो," मी म्हटलं. "आमटी. गॅसवर आहे."

* * *

त्या नव्या घराचा उंबरा ओलांडणार नाही म्हणाली होती मालन. गिरीशनंही कधी बोलावलं नाही. पण पाडवा आला आणि तिला राहवेना. श्रीखंडाचा डबा घेऊन निघाली रस्ता ओलांडून. मागून मी, बोलायची परवानगी नसलेला. फ्राऊ आइग्नर खिडकीत उभी राहून आम्हाला हात करत होती. एवढं हात करण्यासारखं काय, कळेना.

बेल वाजवली. दार काटीनं उघडलं. अंगात एप्रन, पायात गिरीशच्या सपाता. दाराच्या पाटीवर दोन नावं.

मालन एकदा पाटीकडे बघते, एकदा सपातांकडे. मग वळून माझ्याशी बोलली, हिवाळ्यानंतर पहिल्यांदा! "अहो, ही फेलबेलेगर इथं कधीपासून?"

आतून गिरीशचा आवाज आला. चक्क मराठीत.

"आई, पहिल्या दिवसापासून."

मालननं श्रीखंडाचा डबा काटीच्या हातात दिला. मला म्हणाली, "चपला बाहेर काढा."

बस्. एवढंच. पुढं लग्न झालं, काटी श्रीखंड स्वतः करायला शिकली, तो फेलबेलेगरचा नियमसुद्धा सरकारनं उठवला. भाड्यापायी पोराला हाकलल्याचा माझ्यावरचा आळ तेवढा कुणी उठवला नाही. माफी अजून यायची आहे. कुणाची म्हणता? लिहितो नाव, पुरं लिहितो: मालन सोपान जगदाळे.